सतरा नंबरचा उपाशी वाफा

भात संशोधन केंद्राच्या शेवटच्या टोकाला चोवीस वाफे होते आणि त्यांतले चार उपाशी होते. उपाशी म्हणजे खरोखरच उपाशी. तीस वर्षांत त्यांच्यात कुणी चिमूटभर खत टाकलं नव्हतं. शेण नाही, पाला नाही, काही नाही. वर्षातून दोनदा भात लावायचा, कापायचा, दाणा आणि पेंढा दोन्ही उचलून न्यायचे, आणि वाफ्याला म्हणायचं, पुढच्या खेपेचं तुझं तू बघ. वाफे बघत होते, हेच तर नवल होतं. बाकीच्यांच्या निम्मं का होईना, पण तीस वर्षं पीक येत होतं. या चारांवर आणि उरलेल्या विसांवर नजर ठेवणारा जो माणूस होता, त्याला सगळे फळीकाका म्हणत.

नावाचं कारण साधं. वाफ्यातल्या चिखलात पाय टाकायचा नाही, हा तिथला पहिला नियम. पाय पडला की चिखलात कोंडलेले बुडबुडे वर येतात आणि आठवड्याची मोजणी वाया जाते. म्हणून प्रत्येक वाफ्यावर विटांच्या ठोकळ्यांवर टेकवलेली एक लाकडी फळी होती, आणि कुणीही आलं, पाहुणा असो की विद्यार्थी, काका लांबूनच सांगत, "पाय फळीवर." एकदा मोठ्या साहेबांच्याही साहेबांचा बूट चिखलात गेला, तेव्हा काकांनी त्यांनाही सोडलं नव्हतं. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

काम मोजमापाचं. चिखलात कायमच्या रोवलेल्या पत्र्याच्या चौकटीवर पारदर्शक पेटी ठेवायची, कडेच्या खाचेत पाणी ओतायचं म्हणजे हवा निसटत नाही, आणि मग इंजेक्शनच्या सुईने पेटीतली हवा काढायची: ठेवल्या ठेवल्या एकदा, मग दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी, तीस मिनिटांनी. काढलेली हवा रबरी बुचाच्या बाटलीत भरायची आणि बाटलीवर नंबर घालायचा. चिखलातले जंतू काय करतायत ते त्यावरून कळतं, असं शास्त्रज्ञ म्हणत. बाटलीचं पुढे काय होतं याच्याशी काकांना देणंघेणं नव्हतं. आपली वेळ चुकली नाही ना, एवढंच ते बघत, आणि ती सव्वीस वर्षांत चुकली नव्हती.

घरी दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर. चार वर्षांपूर्वी बायको गेली. आजार असा काही नव्हता. दुपारी डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली ती उठली नाही. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला, एकटीच राहायची. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"जेवताय ना वेळेवर?"

"जेवतो की."

"गोळ्या?"

"चालू आहेत."

"मग ठीक."

मग दोघंही थोडा वेळ नुसता फोन धरून बसत, आणि कुणीतरी एक जण "चला, ठेवूया" म्हणे. एकमेकांवर जीव होता, त्यात खोट नव्हती. पण बापलेकीला एकमेकांशी बोलता कधी आलंच नव्हतं. ते खातं आईकडे होतं, आणि ती गेल्यावर ते कुणी सांभाळायला घेतलं नाही.

केंद्रात माणसं होती, पण त्यांचं बोलणं म्हणजे आकडे. "काका, चार नंबर झाला?" "झाला." "नऊ?" "दुपारी." पाणीवाल्याशी तर काकांचा छत्तीसचा आकडा होता. वाफ्यांचं पाणी आणि मधले बांध पाणीवाल्याच्या ताब्यात. काकांचं म्हणणं, याच्या बांधांना खेकडे बिळं पाडतात आणि हा झोपा काढतो. पाणीवाल्याचं म्हणणं, या माणसाला स्वप्नातसुद्धा बिळंच दिसतात. वीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलत ते फक्त साहेबांसमोर, तक्रारीपुरतं.

एक वाजता सगळे कँटीनला जात. काका जात नसत. बायको होती तेव्हा जात होते. ती गेल्यानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे बोलायचे थांबले, आणि काकांनी ठरवलं की लोकांच्या तोंडचा घास आपण का अडवावा. तेव्हापासून ते डबा घेऊन सतरा नंबरच्या फळीच्या टोकाला बसत. सतराच का, तर पंपाच्या खोलीची सावली तेवढ्या एकाच वाफ्यावर पडायची. पंपाच्या छपरात कबुतरं होती. काका जेवून उठताना डब्यातला उरलेला भात फळीवर पसरत, कबुतरं उतरत, आणि काका त्यांच्याशी बोलत. गुडघा आज जास्त ठणकतोय. खालच्या मजल्यावरच्यांनी नवा दरवाजा बसवला, काय गरज होती. एक कबुतर लंगडं होतं, त्याला ते वेगळा घास ठेवत आणि दुसरं कुणी पुढे आलं तर दटावत.

आता गंमत बघा. त्याच वाफ्याच्या डोक्यावर एक पाटी होती, "वाफ्यात काहीही टाकू नये", आणि ती काकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती. पण फळी म्हणजे वाफा नव्हे, हे काकांच्या अंगात सव्वीस वर्षं मुरलेलं. फळीवर पाय चालतो, फळीवर पेटी चालते, बाटल्यांची पेटी चालते, डबा चालतो. जे फळीवर आहे ते वाफ्याच्या बाहेर आहे. भात ते फळीवर टाकत होते. वाफ्यात त्यांनी आयुष्यात कधी काही टाकलं नाही, असं ते शपथेवर सांगू शकले असते.

आठ महिन्यांपूर्वी केंद्रात एक संशोधक मुलगी आली. दोन वर्षांसाठी आली होती. चिखल नळीत काढायची, बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत न्यायची आणि त्यात कोणकोणते जंतू आहेत, किती आहेत, ते मोजायची. कँटीनवाल्यांनी तिचं नाव शिरगणती ठेवलं, आणि ते तिलाही आवडलं. काकांची पेटी लागली की ती येऊन फळीवर शेजारी बसायची, कारण तिला त्याच वाफ्याचा चिखल त्याच वेळी हवा असायचा. पेटी अर्धा तास ठेवावी लागते. अर्धा तास दोन माणसं फळीवर गप्प बसू शकत नाहीत, निदान ती तरी शकत नव्हती.

"काका, तुम्हाला माहितेय खाली काय चाललंय?"

"गॅस."

"गॅस हा शेवट झाला. त्याआधी अख्खं कुटुंब आहे. काही जंतू हवेतला नायट्रोजन पकडून आणतात. ते कमावते. वरच्या नखभर चिखलात हवा पोचते, तिथे बसलेले त्याचं नायट्रेट करतात. ते झिरपत खाली गेलं की खाली बिनहवेचे बसलेत, ते त्याचा वायू करून परत आकाशात सोडून देतात."

"म्हणजे एकाने मिळवायचं आणि दुसऱ्याने उडवायचं."

"अगदी तेच."

"आणि भाताला काय?"

"भात मधल्यामध्ये हात मारतो."

काका हसले. "माझ्या सासुरवाडीला असंच होतं," ते म्हणाले, आणि आपण बायकोच्या माहेराबद्दल चार वर्षांत पहिल्यांदा बोललो हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यानंतर ते रोज दाढी करायला लागले. संध्याकाळी घरी गेल्यावर उद्या तिला काय सांगायचं ते मनात लावून ठेवत. पुराच्या वर्षी होडीतून नमुने काढले होते ते सांगायचं. एका शास्त्रज्ञाने स्वतःचा चष्मा पेटीत बंद करून अर्धा तास शोधला होता ते सांगायचं. ती हसायची, उलट विचारायची, सतराचे आकडे इतरांशी का जुळत नाहीत, इथे वेगळं काय आहे, हेही रोज विचारायची, आणि कधी कधी "हे काल सांगितलंत काका" असंही म्हणायची. त्याचंही काकांना वाईट वाटत नसे. सांगितलेलं लक्षात ठेवणारं कुणी होतं, एवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

मग एका सकाळी, अकराच्या सुमाराला, सतरा नंबरवर पेटी लागलेली असताना ती कागद घेऊन आली.

"काका, सतरा नंबर खोटं बोलतोय."

"वाफा कशाला खोटं बोलेल?"

"तेच तर. उरलेल्या तीन उपाशी वाफ्यांत कमावते जंतू भरपूर आहेत. इथे त्यांच्या तिसरा हिस्साही नाहीत. नायट्रेट करणारे आणि उडवणारे मात्र चौपट. आणि पीक? चौघांत हिरवं हेच. कमावणारा कुणी नाही आणि घर भरलेलं, हे कसं?"

"कसं?"

"बाहेरून येतंय. याला कुठून तरी आयतं मिळतंय. हवेतून नायट्रोजन पकडणं फार कष्टाचं काम असतं काका, पोटात आग असल्याशिवाय कुणी करत नाही. आयतं मिळायला लागलं की जंतूसुद्धा हातपाय हलवत नाहीत." तिने दुसरा कागद वर घेतला. "कोठारात दर हंगामाची माती बाटल्यांत ठेवलीय ना, तुम्हीच भरलेली? ती सगळी मी तपासली. चार वर्षांपूर्वीपर्यंत हा इतरांसारखाच होता. तिथून पुढे चढ. एका हंगामात सुरू झालंय आणि थांबलेलं नाही."

काकांनी फळीच्या टोकाकडे पाहिलं. पंपाच्या छपरावर कबुतरं बसली होती. अजून एक वाजायला वेळ होता, तरी बसली होती.

"काका," ती म्हणाली, "वीस झाली."

वीस नव्हे, तेवीस झाली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काकांची सुई चुकली. तिला ते काहीच वाटलं नाही. ती वहीत तेवीस लिहून पुढे बोलतच राहिली. शेजारी अठरा नंबर आहे, पुऱ्या खताचा. मधल्या बांधातून झिरपत असणार. एखादं खेकड्याचं बीळ असलं तरी पुरे. गेली वीस वर्षं काका जे कानीकपाळी ओरडत होते तेच ती म्हणत होती, आणि ते खरं नाही हे आता जगात एकट्या काकांना ठाऊक होतं.

गोष्ट साहेबांपर्यंत गेली, तशी वाढली. बांध इथे गळत असेल तर दुसरीकडे कशावरून नाही, असं वरच्या समितीने विचारलं. तीस वर्षांच्या प्रयोगावर भरवसा ठेवायचा की तो बंद करून टाकायचा, हेही विचारलं. साहेबांनी पाणीवाल्याकडून लेखी खुलासा मागवला आणि गुरुवारी सतरा-अठरामधला बांध फोडून बघायचं ठरवलं.

त्या चार दिवसांत काका दोनदा कँटीनला जेवले आणि दोनदा जेवलेच नाहीत. आधी त्यांनी स्वतःशी वाद घातला. फळीवर टाकत होतो, वाफ्यात नाही. मूठभर भाताने काय होतं? एवढ्या मोठ्या शास्त्राला मूठभर भात पुरून उरतो का? मग मंगळवारी सगळे गेल्यावर ते सतरा नंबरच्या फळीवर पालथे झोपले आणि खाली वाकून बघितलं. फळीची कड विष्ठेने पांढरी झाली होती. फटीफटीत शितं वाळून बसली होती, आणि फळीखालच्या पाण्यावर शेवाळाचा जाड तवंग होता. फळीच्या त्या टोकापासून दोन हातांपर्यंतचा भात गर्द हिरवा, आणि पुढे पिवळट. ते काही कुणी शास्त्रज्ञाने सांगायला नको होतं. दुसऱ्यांच्या बुटांवर सव्वीस वर्षं नजर ठेवली, आणि स्वतःच्या फळीखाली काय पडतंय ते कधी पाहिलं नाही.

नोकरीची भीती काकांना वाटत नव्हती. दीड वर्षाची नोकरी, कोण काय करणार. नावाची थोडी वाटत होती. खरी भीती होती ती अकरा वाजताच्या अर्ध्या तासाची. आठ महिने ही पोर आपल्या शेजारी बसून डोकं खाजवत होती आणि उत्तर आपल्या डब्यात होतं, हे कळल्यावर ती पुन्हा शेजारी बसेल का? बसली नाही, तर? गप्प राहिलं की सगळं जागच्या जागी राहतं. पाणीवाल्याला एक ताशेरा मिळेल. त्याला काय, तो कातडीने जाड आहे. हा विचार मनात आला आणि काकांना स्वतःची लाज वाटली, पण विचार गेला नाही.

गुरुवारी साहेब आले, दोन माणसं कुदळी घेऊन आली, शिरगणती आली. पाणीवाला जरा बाजूला उभा होता. दुपारभर खणलं. तीस वर्षांचा बांध, दगडासारखा घट्ट झालेला. झिरप अडवायला बांधाच्या पोटात घातलेला पत्रा गंजला होता पण फाटलेला नव्हता. शेवटी अठराच्या बाजूला, वरच्या वर, बोटभर बीळ निघालं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"साहेब, हे कालपरवाचं आहे," पाणीवाला म्हणाला. "माती ओली आहे बघा. आणि ते पार गेलेलं नाही."

"आज पार गेलं नाही. चार वर्षांत किती वेळा गेलं असेल, ते कोण सांगणार?"

एरवी पाणीवाला एका शब्दाला दहा सुनावणारा माणूस. त्याने काकांकडे पाहिलं, आता तू बोलशीलच अशा नजरेने, आणि मान खाली घातली.

"साहेब," काका म्हणाले, "बांधाचा दोष नाही. त्याला मी घालतो."

"कुणाला? काय घालता?"

"सतरा नंबरला. भात."

कुदळवाल्यांतला एक जण हसला. काकांनी सगळं सांगितलं. एक वाजता, फळीवर, उरलेला भात, कबुतरांना. चार वर्षं. सुट्ट्या सोडून रोज. बोलताना ते साहेबांकडे बघत होते, कारण शिरगणतीकडे बघवत नव्हतं. साहेबांनी त्या रंगवलेल्या पाटीकडे पाहिलं.

"काका, ही पाटी तुमच्याच हातची ना?"

"हो साहेब. पण मी फळीवर टाकत होतो."

"फळीवर," साहेब म्हणाले. त्यांना रागवायचं होतं, पण ते जमेना. "चार वर्षांची मोजणी, काका. तुम्ही. दुसरा कुणी असता तर मी समजलो असतो."

सगळे गेल्यावर पाणीवाला फुटलेल्या बांधावर बसून कुदळीची माती काढत होता. काका फळी पुसत होते. "वीस वर्षं मला बिळवाला म्हणालास," तो म्हणाला, "आणि तू इथे कबुतरांची खानावळ चालवत होतास." मग उठून जाताना म्हणाला, "चहाला ये कधीतरी." काकांनी मान हलवली. ते गेले मात्र नाहीत, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

शिरगणती दुसऱ्या दिवशी आली नाही. शनिवारीही नाही. पेटी ठेवायची, दहा मिनिटं, वीस मिनिटं. अर्धा तास इतका लांब असतो हे काका विसरले होते. सोमवारी ती आली, शेजारी न बसता बांधावर उभी राहिली.

"आठ महिने, काका. मी तुम्हाला रोज विचारत होते, इथे वेगळं काय आहे."

"मला कळलं नाही ग. खरंच कळलं नाही. आणि कळलं तेव्हा चार दिवस बोललो नाही. तेवढं मात्र मुद्दाम."

"का?"

काकांनी सुईवरची टोपी काढली, परत लावली. "तू येणार नाहीस म्हणून."

ती वही उघडून फळीवर बसली, पण मध्ये बर्फाचा डबा ठेवून. "आकडे लागतील," ती म्हणाली. "सतरा नंबर टाकून द्यायचा की त्याची दुरुस्ती करून वापरायचा, ते त्यावर ठरेल. किती भात, किती वाजता, किती कबुतरं. अंदाजे चालणार नाही. आठवडाभर नेहमीसारखाच डबा आणा. उरलेला भात मी मोजणार."

मग सात दिवस तो प्रकार चालला. काका फळीऐवजी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर जेवत आणि उरलेला भात घेऊन आत जात. ती तो काचेच्या घरातल्या तराजूवर ठेवायची. एकशे बावन्न ग्रॅम. एकशे पंचेचाळीस. एकशे पन्नास. जंतूंचे रेणू तोलणाऱ्या यंत्रांच्या रांगेत काकांचा ॲल्युमिनियमचा डबा उघडा पडलेला असायचा, आणि येणारे-जाणारे बघून न बघितल्यासारखं करत. सातव्या दिवशी तिने बेरीज केली.

"रोज दीडशे ग्रॅम धरूया. वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे पंचेचाळीस किलो भात. शिजलेल्या किलोभर भातात चार ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. झाले एकशे ऐंशी ग्रॅम. त्यातला तिसरा हिस्सा विष्ठेतून आणि सांडून खाली गेला असं मानलं, तरी साठ ग्रॅम. वाफा वीस चौरस मीटरचा." तिने पेन थांबवलं. "हेक्टरी तीस किलो, काका."

"म्हणजे अर्धा डोस," काका म्हणाले. एकवीस नंबरच्या वाफ्याला वर्षाला साठ किलोचा डोस असतो, ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

"अर्धा डोस. जुळतंय. अगदी बरोबर जुळतंय." तिला हसू आलं, आणि काकांनाही आलं. उत्तर जुळलं की माणूस राग विसरतो, निदान त्यांच्या धंद्यातली माणसं तरी. सतरा नंबर टाकून द्यायला नको. आयतं मिळालं की जंतूंचं कुटुंब कसं बदलतं याचा तो नमुना म्हणून अहवालात जाणार होता. प्रयोगही चालू राहणार होता. साहेबांनी सेवापुस्तकात एक ओळ लिहिली आणि काकांना तोंडी सांगितलं, फळी तुमची, डबा कँटीनमध्ये.

"एक रकाना राहिलाय," ती म्हणाली. "सुरुवात कधी? चढ त्या हंगामाच्या लावणीच्या आसपास सुरू होतोय. तारीख आठवते?"

काकांनी तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष.

"इतकी नेमकी?"

"त्याच्या बारा दिवस आधी ती गेली. कामावर परत आलो तो हा दिवस."

तिने लिहिलं. मग डब्याकडे बघत म्हणाली, "काका, पण रोज एवढा उरतो कसा? आणि रोज सारखाच? तुम्ही जेवत नाही का?"

"जेवतो. पोटभर जेवतो."

"मग?"

"दोघांचा शिजतो ना," काका म्हणाले. "मला तेवढंच माप माहीत आहे. ती आजारी असली की मी लावायचो, दोन वाट्या. ती गेल्यावर मीच लावायला लागलो, तर हात दोन वाट्यांवरच गेला. एक दिवस कमी करून बघितला. पातेल्यात एवढासा भात दिसला, तो खाववेना."

शिरगणतीने पेन खाली ठेवलं. ती यातलं काही लिहिणार नव्हती, आणि लिहायला रकानाही नव्हता.

"आता कमीच लावावा लागेल, काका," ती हळू म्हणाली. "कबुतरांना दुसरीकडे घातलात तरी ती तिथून इथे येतील. चार वर्षांची सवय आहे. वाफा परत उपाशी व्हायला हवा. मी जाईन तेव्हा तो पहिल्यासारखा व्हायला लागलेला असला पाहिजे."

"जाशील कधी?"

"अजून सव्वा वर्ष आहे."

"मग ठीक," काका म्हणाले.

मग रविवार आला. सकाळी मुलीचा फोन आला तेव्हा काका तांदळाच्या डब्यासमोर उभे होते.

"जेवताय ना वेळेवर?"

"हो. ऐक, एक विचारायचं होतं." काका थांबले. चोवीस वाफ्यांत कुणाला किती किलो लागतं हे तोंडपाठ असलेला माणूस, पण हे त्यांना विचारावं लागत होतं. "एका माणसाला तांदूळ किती लागतो?"

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही. मलाच."

ती म्हणाली, "बाबा, म्हणजे आजवर तुम्ही..."

"आईच्या मापाने."

"चार वर्षं?"

"हो."

बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला. काकांनी घड्याळ पाहिलं नाही. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी आईसारखा होता, स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखा. "फोन ठेवू नका. स्पीकरवर टाका आणि वाटी घ्या. घेतलीत? भरा. आता त्यातलं थोडं परत टाका. अजून थोडं. बघा, वाटीच्या वर तांदूळ दिसतोय का?"

"नाही."

"कुठपर्यंत आहे?"

"बोटभर खाली."

"मग बरोबर आहे. मी तेवढाच लावते."

काकांनी तांदूळ धुतला. पातेल्याच्या तळाशी तो एवढासा दिसत होता, आणि ते रडायला लागले, उभ्यानेच, पाण्याचा नळ तसाच चालू ठेवून. चार वर्षांत ते रडले नव्हते. मुलीला ऐकू जात होतं. ती "रडू नका" म्हणाली नाही आणि "चला, ठेवूया"सुद्धा म्हणाली नाही. भात शिजेपर्यंत ती फोनवर होती.